अँटीव्हायरसचे पैसे भरण्याआधी

काकूंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज घाबरलेला होता. "अरे, लॅपटॉपवर लाल पाटी आलीय. 'तुमचे संरक्षण संपले' म्हणतेय. आज पैसे भरले नाहीत तर ह्यांचे फोटो जातील का रे?" काका जाऊन दोन वर्षे झाली. शाळेतल्या त्यांच्या निरोप समारंभाचे फोटो, नातीचे बारशापासूनचे सगळे, आणि काकांनी दोन बोटांनी टाइप केलेले गावच्या जत्रेविषयीचे शंभरेक पानांचे टिपण, हा सारा ऐवज त्या एका लॅपटॉपमध्ये आहे. दुसरी प्रत कुठेही नाही. पेन्शन जमा व्हायला चार दिवस होते आणि काकू शेजारणीकडून पैसे उसने घेऊन अँटीव्हायरसचे नूतनीकरण करायला निघाल्या होत्या. मी म्हटले, "काकू, थांबा. संध्याकाळी येतो."

गेल्यावर मुदत संपलेला तो अँटीव्हायरस आधी काढून टाकला. दुसरा अँटीव्हायरस असला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला सरून बसतो आणि तो निघाला की आपोआप कामाला लागतो. तसा तो लागला. मग विंडोज सिक्युरिटी उघडून सेटिंग्जच्या पार तळाशी असलेली 'एक्सक्लुजन्स'ची यादी पाहिली. 'इथे तपासू नकोस' असे डिफेंडरला सांगून ठेवलेल्या जागांची ही यादी. काकूंच्या यादीत एकच नोंद होती: सी ड्राइव्ह. अख्खी. ज्या ड्राइव्हवर विंडोज आहे, डाउनलोड येऊन पडतात, काकांचे टिपण आहे, ती सगळीच्या सगळी तपासणीतून वगळलेली.

हे काकूंनी केले नव्हते. वर्षभरापूर्वी लॅपटॉप मंद झाला म्हणून त्यांनी तो जवळच्या दुकानात दिला होता आणि तिथून तो 'फॉरमॅट मारून' परत आला. मुलाने घेतला तेव्हा लायसन्ससह आलेले विंडोज पुसले गेले होते. त्याच्या जागी क्रॅक केलेले आले, सोबत तसलेच ऑफिस. क्रॅकसाठी वापरतात ते ॲक्टिव्हेटर डिफेंडर लगेच पकडतो. म्हणून ते टाकण्याआधी संरक्षण बंद करायचे, ड्राइव्ह वगळायची, ही त्या कामाची नेहमीची रीत आहे. काम झाल्यावर ती नोंद काढायची मात्र राहून जाते. आणि त्याच बिलात वर्षभराचा अँटीव्हायरस लावलेला होता. ज्या हाताने घराचे दार उघडे टाकले त्याच हाताने पहारेकरी नेमून दिला, आणि काकूंनी दोन्हीचे पैसे भरले. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस विकत घ्यावा लागतो का, असे मला दर वर्षी प्रवेशांच्या हंगामात, नव्या लॅपटॉपची खोकी घरोघर येतात तेव्हा, हमखास विचारले जाते. माझे उत्तर स्पष्ट आहे: चालू असलेले, अपडेट होणारे, अस्सल विंडोज असेल तर नाही. त्या पैशांना त्याच घरात त्याहून निकडीचे काम आहे.

अँटीव्हायरस हा धंदाच मुळात खोटा होता असे मात्र कुणी समजू नये. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून देशोदेशी गेला, तेव्हा कॉम्प्युटरजवळ स्वतःचे असे काहीच संरक्षण नव्हते. पुढची वीस वर्षे तीच गत राहिली. २६ एप्रिल १९९९ला 'सीआयएच', म्हणजेच 'चेर्नोबिल' व्हायरस जागा झाला आणि ज्या यंत्रांत तो शिरला होता त्यांच्या हार्ड डिस्कवरचा डेटा तर गेलाच, काही मदरबोर्डांवरची बायॉस चिपही त्याने पुसली. ते यंत्र पुन्हा सुरूच होईना. मे २०००मध्ये 'आय लव्ह यू' नावाच्या ई-मेलसोबतची फाइल उघडणाऱ्यांच्या फायली गेल्या. त्या काळात ज्याने अँटीव्हायरस घेतला त्याने शहाणपणाच केला.

पुण्याला तर ही गोष्ट घरची आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकणारा त्यांचा धाकटा भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात दुरुस्तीच्या दुकानातूनच क्विक हील उभे केले. दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने भरलेली असत, ती साफ करता करता औषध तयार झाले. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली. मराठी माणसाने टेबलावरच्या सोल्डरिंग गनपासून तिथवर जावे याचा मला अभिमान वाटतो, आणि त्या काळच्या गरजेबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

पण गरज बदलली. ऑगस्ट २००४मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २पासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. पेनड्राइव्ह लावताच त्यातले काहीबाही स्वतःहून सुरू होण्याची जी 'ऑटोरन'ची खोड होती, ती फेब्रुवारी २०११च्या अपडेटने जुन्या यंत्रांवरही बंद झाली. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला की घरच्या कॉम्प्युटरला ताप यायचा, त्याचे मोठे कारण ते होते. मायक्रोसॉफ्टने २००९ साली आपला अँटीव्हायरस फुकट द्यायला सुरुवात केली आणि २०१२च्या विंडोज ८पासून तो आतच बसवून दिला. सुरुवातीला तो कच्चा होता, त्याच्यावर विसंबू नका असे मीच लोकांना सांगत असे. आज तसे सांगणार नाही. जर्मनीतल्या मॅग्डेबर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था अशा सॉफ्टवेअरांची नियमित परीक्षा घेते. तिच्या चाचण्यांत डिफेंडर गेली काही वर्षे विकतच्या नावाजलेल्या नावांच्या पंगतीला बसतो आणि अनेकदा पूर्ण गुण घेतो. ॲपलच्या मॅकमध्येही २००९पासून तसलीच तपासणी आत आहे. दोघांचेही वेगळे पैसे नाहीत, नूतनीकरण नाही, लाल पाटी नाही.

अँटीव्हायरसपेक्षा अपडेट मोठे का, ते २०१७च्या मे महिन्यात साऱ्या जगाने पाहिले. ज्या खिंडारातून 'वॉनाक्राय' हा फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा प्रोग्रॅम घुसला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिले होते. हल्ला झाला १२ मेला. मध्ये दोन महिने होते. ज्यांनी ते अपडेट घेतले होते त्यांच्या यंत्रात त्या खिंडारातून वॉनाक्रायला शिरता आले नाही. ज्यांनी 'नंतर आठवण करा' दाबले त्यांतल्या अनेकांच्या फायली कुलूपबंद झाल्या, ब्रिटनच्या रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. काकूंकडे अपडेट का थांबली होती माहीत आहे? "नेट संपतं म्हणून बंद करून दिलं दुकानवाल्यानं." मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरांत ही अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण मग महिन्यातून एक दिवस, दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार म्हणा, डेटा राखून ठेवावा. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते.

अपडेटांनाही मुदत असते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवले तर आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षेची अपडेट मिळतात. डिफेंडरची व्हायरसांची यादी मात्र विंडोज १०वर ऑक्टोबर २०२८पर्यंत येत राहील. ही तारखांची तफावत नीट पाहा. मधल्या काळात यादी ताजी राहील, पण खाली विंडोजमध्येच नवे भोक सापडले तर ते बुजवायला कुणी येणार नाही. पडलेल्या भिंतीपुढे पहारेकरी बसवावा तसे ते होईल, आणि हा पहारेकरी फुकटचा असो की विकतचा, भिंत त्याला बांधता येत नाही. जुन्या विंडोज ७च्या यंत्रावर महागातला अँटीव्हायरस टाकून निश्चिंत बसणाऱ्यांना मी हेच सांगत आलो आहे.

आता जिथे खरी चोरी होते तिथे येऊ.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाचे इन्स्टाग्राम गेले, मग ई-मेल गेली, मग गेमचे खाते गेले. सगळीकडे ओटीपी लावलेला होता. बाप म्हणाला, "ओटीपी कुणालाच दिला नाही, मग गेलं कसं?" त्याच्या लॅपटॉपवर मी डाउनलोडचे फोल्डर उघडले. यूट्यूबवरच्या एका व्हिडिओखालच्या दुव्यावरून फोटोशॉपचा क्रॅक उतरवला होता. झिप फाइल, तिला पासवर्ड १२३४, आणि शेजारी एक छोटी सूचनांची फाइल. तिची पहिली ओळ: आधी अँटीव्हायरस बंद करा. पासवर्ड कशासाठी असतो, तर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत डोकावता येऊ नये म्हणून. आणि पहिली ओळ कशासाठी, ते वेगळे सांगायला नको. मुलाने इमानदारीने दोन्ही केले. आतून निघाला तो माहिती चोरणारा प्रोग्रॅम. तो पडद्यावर काही दाखवत नाही, काही बिघडवत नाही. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड उचलतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'हा माणूस आत आलेला आहे' अशी जी खूण ब्राउझरजवळ असते ती उचलतो. ती खूण चोराच्या हाती लागली की साइटला वाटते, हा तोच, ओटीपी देऊन आलेला. म्हणून पुन्हा ओटीपी विचारलाच जात नाही. दोन मिनिटांत काम उरकून असे काही प्रोग्रॅम स्वतःला पुसूनही टाकतात. 'रेडलाइन', 'लुमा' ही त्यांतली गाजलेली नावे.

तिथे विकतचा अँटीव्हायरस असता तरी मुलाने तोही बंद केला असता. कारण सूचनेत तसे लिहिले होते.

घरच्या फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्यांत 'स्टॉप' किंवा 'डिजेव्हीयू' नावाच्या टोळक्याने गेल्या काही वर्षांत सामान्य माणसाला सर्वांत जास्त रडवले. तेही बहुतेक क्रॅकच्याच वाटेने येत असे. चिठ्ठीत ९८० डॉलर मागायचे, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०. लेकीच्या लग्नाचे फोटो, पीएचडीचा प्रबंध, वडिलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग, कशाला हात लागेल याला धरबंध नाही. एका बाईंनी अशा फायलींची हार्ड डिस्क 'कधीतरी उघडेल' म्हणून जपून ठेवल्याचे मी पाहिले आहे. त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी वाट फोनची. कॉम्प्युटरवर अचानक मोठा आवाज होतो, पडदा भरून इशारा येतो, 'तुमच्या यंत्रात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा'. ती नुसती वेबसाइट असते, आल्ट-एफ ४ दाबून ब्राउझर बंद केला की जाते. पण घाबरलेला माणूस फोन करतो, समोरचा गोड बोलून एनीडेस्क हे दुरून कॉम्प्युटर चालवू देणारे सॉफ्टवेअर टाकायला लावतो, आणि पुढे बँकेचे खाते त्याच्या डोळ्यांदेखत रिकामे होते. एनीडेस्क हे सरळमार्गी सॉफ्टवेअर आहे, कार्यालयांत रोज वापरतात, त्याला अँटीव्हायरसने का अडवावे? रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना याबद्दल सावध केले होते. सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत भारतीयांचे सुमारे २२,८०० कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हा आकडा साडेसात हजार कोटींच्या आत होता. 'डिजिटल अरेस्ट'च्या व्हिडिओ कॉलला, केवायसीच्या धमकीला, लग्नपत्रिकेच्या किंवा चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायलीला घरच्या कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस काय करणार? घाबरवून निर्णय घ्यायला लावणे हेच त्या सगळ्यांचे हत्यार आहे. आणि म्हणूनच कोपऱ्यातून उसळणाऱ्या त्या लाल पाटीचा मला इतका संताप येतो. 'आज भरा नाहीतर' या भाषेची सवय आपल्या आयाबापांना कोण लावते आहे? पैसे भरून घेतलेले संरक्षणच जर भामट्याच्या सुरात बोलू लागले, तर खऱ्याखोट्यातला फरक काकूंनी कसा ओळखायचा?

फुकटच्या अँटीव्हायरसांबद्दलही एक सांगितले पाहिजे. असे सॉफ्टवेअर यंत्रात सगळ्यांत खोल बसते, तुम्ही उघडलेली प्रत्येक फाइल आणि साइट त्याला दिसते. त्या विश्वासाचे काय होऊ शकते ते अव्हास्ट या कंपनीच्या प्रकरणात दिसले. वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती तिची 'जंपशॉट' ही उपकंपनी विकत होती. २०२०च्या जानेवारीत बोभाटा झाल्यावर ती बंद केली गेली, आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. विकतच्या नॉर्टननेही २०२१मध्ये आपल्या अँटीव्हायरसमध्येच क्रिप्टो चलन खणण्याची सोय दिली आणि कमाईतला १५ टक्के वाटा स्वतःकडे ठेवला. संरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूकडून कुणीही याची अपेक्षा केली नसती.

मग विकतचा कुणी घ्यावाच नाही का? घरात बसून दहा-वीस दुकानांचे जीएसटीचे काम करणारा, लोकांचे आधार-पॅन सांभाळणारा, दिवसभर दहा जणांचे पेनड्राइव्ह लावणारा, यांचे यंत्र घरात असले तरी घरगुती नाही. त्यांनी जाणकाराला विचारून पैसे खर्चावेत. ज्याला इंग्रजीतल्या पाट्या समजत नाहीत आणि अडल्या वेळी मराठीत बोलणारा माणूस फोनवर हवा आहे, त्याने त्या माणसासाठी पैसे दिले तर मी त्याला चुकीचे म्हणणार नाही. बाकीच्या घरांनी ते पैसे एका बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी बाजूला काढावेत. काही वर्षांच्या नूतनीकरणात ती येते. महिन्यातून एकदा लावायची, प्रत काढायची, आणि वायर काढून ठेवायची. लावून ठेवलेली डिस्कही कुलूपबंद होते, म्हणून वायर काढणे हा त्यातला मुख्य भाग.

दुकानदारांकडे माझे एकच मागणे आहे आणि ते मी हात जोडून करतो. बिलावर लिहा: विंडोज लायसन्सचे आहे की नाही. गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर त्याच्या यंत्रात आधीपासून काय आहे ते तरी बघा. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपांत विंडोजची किल्ली मदरबोर्डवरच नोंदलेली असते. अस्सल विंडोज पुन्हा टाकले की ते आपण होऊन ॲक्टिव्हेट होते. क्रॅकची गरजच नसते. काकूंकडे मी तेच केले. शनिवार गेला. त्यांचा लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीचा निघाला, त्यामुळे विंडोज ११ही बसले. पत्र लिहायला लिब्रेऑफिस टाकले, ते फुकट आहे आणि रीतसर आहे. काकूंसाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते केले, म्हणजे काही नवे बसायला लागले की आधी पासवर्ड मागेल. तो पासवर्ड त्यांनी काकांच्या डायरीत, मागच्या पानावर लिहून ठेवला. 'एक्सक्लुजन्स'ची यादी रिकामी झाल्याचे त्यांना दाखवले. "म्हणजे आता सगळीकडे बघतं ना हे?" "हो, सगळीकडे."

काकांचे टिपण आम्ही सर्वांत आधी नव्या डिस्कवर उतरवले. प्रत पूर्ण झाल्यावर त्यांनी ते तिथून उघडायला लावले, पहिले पान वाचले, मग शेवटचे. डिस्क रुमालात गुंडाळून कपाटात पासबुकाच्या पिशवीत गेली. उसन्या घेतलेल्या पैशांचे काय, म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "सकाळीच परत दिले. डिस्कचे पेन्शन आली की देते तुला."